वडिलांचे पाच जुने फोन ई-कचऱ्यात द्यायचे आहेत. त्यांतील माहिती खात्रीने कशी पुसावी?

उंबरठा (नाशिक)

नमस्कार. आमच्या सोसायटीत येत्या रविवारी ई-कचरा गोळा करणार आहेत. वडिलांना जाऊन आठ महिने झाले, पण त्यांच्या टेबलाचा खण मी काल पहिल्यांदाच पूर्ण रिकामा केला आणि त्यात एकावर एक रचलेले, रबर लावून बांधलेले पाच फोन निघाले. सर्वांत जुना बटणांचा आहे आणि त्याची बॅटरी फुगल्यामुळे मागचे झाकण बसत नाही. दुसरा २०१३ चा अँड्रॉइड असून तो चार्जिंगला लावल्यावर सुरू होतो, त्यावर ४.२ ही आवृत्ती दिसते. तिसरा २०१८ मध्ये घेतलेला असून त्याचा पडदा पूर्ण काळा आहे, मात्र चार्जर लावला की तो थरथरतो. चौथा भावाने वापरून वडिलांना दिलेला आयफोन आहे आणि त्याचा पासकोड घरात कोणालाही ठाऊक नाही. पाचवा त्यांचा शेवटचा फोन, २०२१ चा. तो व्यवस्थित चालतो आणि त्याचा पॅटर्न मला माहीत आहे.

वडील तीस वर्षे विमा प्रतिनिधी होते. हे मुद्दाम सांगते, कारण प्रश्न केवळ आमच्या घरच्या फोटोंचा नाही. २०१३ च्या फोनची गॅलरी मी सहज उघडली तर त्यात लोकांची आधार कार्डे, पॅन कार्डे, रद्द केलेले धनादेश, नॉमिनीच्या जन्मतारखा आणि काहींचे रक्ततपासणीचे अहवालसुद्धा होते. ज्यांनी विश्वासाने ही कागदपत्रे त्यांच्या हाती दिली, त्यांतील बरेच लोक आजही आमच्याच रस्त्यावर राहतात.

फॅक्टरी रिसेट, म्हणजे फोन नव्यासारखा मूळ स्थितीत आणणे, केल्याने हे सर्व खरोखर जाते का? जो फोन सुरूच होत नाही त्याचे काय करावे? शेजारचे काका म्हणतात की सगळ्यांवर हातोडा मारा आणि मोकळ्या व्हा. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगताही येत नाही.


शून्यएक (पुणे)

मी साठवणुकीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर फोनागणिक बदलते, म्हणून आधी त्यामागचे कारण सांगतो.

फोनमधील फ्लॅश मेमरी पाटीसारखी पुसली जात नाही. आपण एखादी फाइल काढून टाकतो किंवा तिच्यावर नवीन काही लिहितो, तेव्हा मेमरीचा नियंत्रक जुन्या जागेला हात न लावता नवीन मजकूर कोऱ्या पानावर लिहितो आणि फक्त अनुक्रमणिका बदलतो, जेणेकरून सर्व पाने सारखी झिजावीत. जुने पान बरेच दिवस तसेच पडून राहते. म्हणूनच ‘डिलीट’ हा शब्द फोनच्या बाबतीत बराच फसवा आहे, आणि पूर्वीच्या अँड्रॉइडमधील रिसेटही पुष्कळदा अनुक्रमणिका फाडून टाकण्यापुरताच असे. २०१४ मध्ये अव्हास्ट या कंपनीने ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरून २० जुने अँड्रॉइड फोन विकत घेतले आणि बाजारात सहज मिळणाऱ्या साधनांनी त्यांतून ४०,००० हून अधिक फोटो परत मिळवले. पुढच्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठात लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी पाच कंपन्यांचे २१ फोन तपासले. त्यांवर २.३ पासून ४.३ पर्यंतच्या आवृत्त्या होत्या. रिसेट केल्यानंतरही सुमारे ८० टक्के वेळा त्यांना गूगल खात्यात शिरण्याचे टोकन, म्हणजे पासवर्ड न विचारता आत घेणारी डिजिटल खूण, मिळवता आले. आपला २०१३ चा फोन नेमका याच पिढीतील आहे.

यावर उपाय निघाला तो पुसण्याच्या बाजूने नव्हे, तर कुलपाच्या बाजूने. सर्व माहिती आधीपासूनच सांकेतिक रूपात, म्हणजे एन्क्रिप्ट करून लिहायची आणि रिसेटच्या वेळी फक्त किल्ली नष्ट करायची. किल्ली गेली की मागे उरलेली पाने कोणी वाचली तरी हाती निव्वळ गाळ येतो. आयफोनमध्ये अशी सोय २००९ च्या ३जीएसपासून आहे. अँड्रॉइडमध्ये ६.० या आवृत्तीने २०१५ मध्ये ती बंधनकारक केली, पण मंद प्रोसेसरच्या स्वस्त फोनांना सूट ठेवली. ही पळवाट अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ मध्ये, बंद झाली. त्यामुळे आपला पाचवा फोन आणि आयफोन यांच्यासाठी नीट केलेला रिसेट पुरेसा आहे. तिसरा फोन, म्हणजे २०१८ चा, मधल्या काळातला आहे. तो महाग असेल तर बहुधा एन्क्रिप्टेड असेल, स्वस्त असेल तर खात्री देता येत नाही.

दुसऱ्या फोनसाठी एक जुनी युक्ती आहे. आधी त्यातील मेमरी कार्ड काढून घ्या. मग पिनऐवजी पंधरा-सोळा अक्षरांचा लांबलचक पासवर्ड लावा आणि सेटिंग्जमधील सुरक्षा या विभागातून ‘फोन एन्क्रिप्ट करा’ हा पर्याय चालवा. बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असल्याशिवाय तो सुरूच होत नाही, आणि पूर्ण व्हायला तास-दीड तास सहज लागतो. ते झाल्यावर रिसेट करा. पासवर्ड लांब हवा याचे कारण असे की त्या पिढीच्या फोनांमध्ये रिसेटनंतर किल्लीचा अवशेषही मागे राहू शकतो. चार आकडी पिन संगणक काही क्षणांत शोधून काढतो, लांब पासवर्ड नाही. त्यानंतर फोनमध्ये छताचा किंवा भिंतीचा व्हिडिओ जागा संपेपर्यंत घेत राहा आणि पुन्हा एकदा रिसेट करा.


पेचकस (कोल्हापूर)

ताई, मी सोळा वर्षे मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. शून्यएक यांनी सांगितलेले बरोबर आहे. मी फक्त टेबलावर फोन उघडल्यावर काय दिसते ते सांगतो.

सर्वांत आधी तिसऱ्या फोनकडे लक्ष द्या, कारण पाचांमध्ये खरा धोका तिथे आहे. चार्जर लावल्यावर फोन थरथरतो याचा अर्थ तो मेलेला नाही. फक्त त्याचे कॉम्बो, म्हणजे काच आणि पडदा यांचा जोड, गेले आहे. आमच्याकडे ‘डेड’ म्हणून येणाऱ्या फोनांतील कितीतरी फोन असेच निघतात. वडिलांनी त्या फोनला पॅटर्न किंवा पिन लावला होता का, हे आठवून पाहा. लावला नसेल तर एन्क्रिप्शन असून नसल्यासारखे आहे, कारण ज्याला कोणाला तो फोन मिळेल त्याने नवा पडदा जोडला की घर उघडेच. वयस्कर माणसे पॅटर्न विसरण्याच्या भीतीने तो लावत नाहीत, हे मी रोज पाहतो.

अशा फोनसाठी नवा पडदा विकत घेण्याची गरज नाही. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे त्या मॉडेलचे टेस्टिंगसाठी ठेवलेले कॉम्बो असते. मागचे झाकण काढून, न चिकटवता, फक्त कनेक्टर दाबून ते जोडायचे. दहा मिनिटांत फोन दिसू लागतो. मात्र फोन तिथे ठेवून घरी जाऊ नका. समोर बसा, स्वतःच्या हाताने रिसेट करा, आणि पहिल्यांदा फोन घेतल्यावर दिसतो तसा भाषा निवडण्याचा पडदा आल्यावरच उठा. मी स्वतः या धंद्यातला असूनही हे सांगतो. माझ्या बहिणीने एका दुकानात बदलून दिलेल्या फोनमधले तिच्या लेकीच्या बारशाचे फोटो दोन महिन्यांनी एका अनोळखी माणसाने तिलाच पाठवले. त्याने तो फोन सेकंडहँड घेतला होता आणि बिचारा सज्जन होता म्हणून कळवले तरी. दुकानदाराने ‘आम्ही सगळे उडवतो’ असे तोंडी सांगितले होते.

दुसऱ्या फोनबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. २०१३ च्या फोनला आज विक्रीची किंमत नाही, मग त्याला वाचवायचे कशाला? शून्यएक यांनी सांगितले ते सगळे करा, आणि नंतर बॅटरी काढून फोन दुरुस्तीवाल्यासमोर ठेवा. मदरबोर्डवर पत्र्याची शिल्ड असते, तिच्याखाली अंगठ्याच्या नखाएवढी काळी चौकोनी आयसी, म्हणजे मेमरीची चिप, असते. सगळी माहिती त्या नखात आहे. ती गरम हवेच्या ब्लोअरने उतरवून सॉकेटमध्ये बसवली की एन्क्रिप्ट न केलेल्या फोनची मेमरी संगणकावर पेनड्राइव्हसारखी उघडते. बोर्ड जळालेल्या फोनांतून लग्नाचे फोटो आम्ही अशाच रीतीने काढून देतो. म्हणून नष्ट करायचे ते त्या नखाला. बाकी फोनला काही करण्याची आवश्यकता नाही.


सडेतोड

एवढा खटाटोप कशासाठी? मी तीन फोन घणाने फोडून भंगारवाल्याला दिले आहेत. कोण कोणाचे फोटो बघत बसले आहे?


पेचकस (कोल्हापूर)

सडेतोड, तुमचे फोन मी पाहिलेले नाहीत, पण फोडलेले पुष्कळ पाहिले आहेत. घण बसतो तो काचेवर. काचेचा चुरा होतो, बॉडी वाकते, आणि शिल्डखालची आयसी बहुतेक वेळा शाबूत असते. दिसायला फोन संपलेला असतो आणि माहिती तशीच असते.

यातली दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. बॅटरी आत असताना घण मारला किंवा ड्रिल घातले तर लिथियमच्या पाकिटातील थर एकमेकांना टेकतात, आतल्या आत शॉर्ट होते आणि काही सेकंदांत धूर व ज्वाळा निघतात. माझ्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर अजून काळा डाग आहे, तो एका फुगलेल्या बॅटरीखाली चुकून पेचकस घुसल्याचा आहे. म्हणून ताई, त्या बटणांच्या फोनची फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका आणि चार्जही करू नका. जुन्या फोनची बॅटरी हाताने निघते. ती काढून टोकांवर चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा, आणि रविवारी फोनसोबत न टाकता ‘ही फुगलेली आहे’ असे सांगून वेगळी हातात द्या.

बटणांच्या फोनमध्ये एन्क्रिप्शन नसते. तो नोकियाचा असेल तर बहुधा बीएल-५सी बॅटरी चालेल. ती आजही कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. ती घालून फोन सुरू करा, सेटिंग्जमधून मूळ स्थितीत आणताना सर्व काही पुसण्याचा पर्याय निवडा. सुरक्षा कोड विचारला आणि तो कोणी बदललेला नसेल, तर नोकियावर १२३४५ चालतो. सिम आत राहिले असेल तर काढा आणि सोनेरी चिपच्या मधोमध कात्रीने कापा.


हिरवा डबा (पुणे)

आमच्या भागात आम्ही काही जण मिळून वर्षातून तीन-चारदा ई-कचरा गोळा करतो, म्हणून त्या बाजूने लिहिते.

फोन आपल्या हातून सुटल्यावर तो थेट भट्टीत जातो, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. सोसायटीच्या पेटीतून तो टेम्पोत, टेम्पोतून गोदामात आणि तिथून वर्गवारीच्या टेबलावर जातो. जो चालू आहे किंवा चालू होऊ शकतो, तो या साखळीत कुठेतरी बाजूला काढला जाण्याची शक्यता असते, कारण चालत्या फोनला किलोमागे नव्हे तर नगामागे भाव मिळतो. भंगारवाल्याकडे गेलेला माल तर दिल्लीच्या सीलमपूरसारख्या बाजारापर्यंत जाऊन हातांनी सुटा केला जातो. तिथे काम करणाऱ्यांचे आरोग्य हा स्वतंत्र आणि फार मोठा विषय आहे.

ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्याची आणि नूतनीकरण करणाऱ्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी असावी लागते. म्हणून सोसायटीच्या सचिवांना रविवारपूर्वी एवढेच विचारा की माल शेवटी कोणत्या पुनर्चक्रण केंद्राकडे जाणार आहे आणि त्याची नोंदणी आहे का. उत्तर देताना कोणी ‘आमचा माणूस आहे’ असे म्हणाले, तर फोन घरीच ठेवा. मात्र हे नियम प्रामुख्याने शिसे, पारा यांसारखी घातक द्रव्ये आणि धातूंची परतप्राप्ती यांसाठी आहेत. आपल्या आधार कार्डाच्या फोटोची राखण त्यांच्याकडून होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. कार्यालये शेकडो लॅपटॉप देतात तेव्हा क्रमांकवार माहिती-विनाशाचे प्रमाणपत्र मागून घेतात. घरगुती संकलनात आम्ही देतो ती पावती वजनाची असते, ‘मिश्र ई-कचरा, साडेतीन किलो’ अशी. त्यामुळे पुसण्याचे काम पेटीपर्यंत येण्याआधी घरीच व्हायला हवे.

एक सोपी गोष्ट करा. जे फोन सुरू होतात त्यांवर *#०६# दाबा आणि दिसणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, वहीत लिहून पावतीसोबत ठेवा. पुढे कधी पोलिसांकडून त्या फोनविषयी विचारणा झाली, तर तो आपण कोणत्या तारखेला आणि कोणाला दिला हे सांगता येईल.


उंबरठा (नाशिक)

सर्वांची मनापासून आभारी आहे. शेजारच्या काकांना पेचकस यांचा बॅटरीविषयीचा भाग वाचून दाखवला. ते आता हातोड्याचे नाव काढत नाहीत.

दोन शंका उरल्या आहेत. आज तिसरा फोन घेऊन दुरुस्तीवाल्याकडे बसले. त्याला पॅटर्न नव्हताच. पडदा जोडताच थेट वडिलांची विठ्ठलाची पार्श्वभूमी आली. मी गडबडीत असताना दुरुस्तीवाल्याने बटणे दाबून रिकव्हरीतून, म्हणजे फोन नेहमीसारखा सुरू न करता उघडणाऱ्या मेनूतून, रिसेट केला, आणि आता तो वडिलांच्या जुन्या जीमेलचा पासवर्ड मागतो आहे, जो माझ्याकडे नाही. म्हणजे माहिती अजून आतच आहे का? आणि आयफोनचा पासकोड ठाऊक नसताना तो पुसायचा कसा?


शून्यएक (पुणे)

माहिती बहुधा गेलेली आहे. तो जो पासवर्ड मागतो आहे, ते निराळे कुलूप आहे. अँड्रॉइड ५.१ पासून फोन चोरणाऱ्याला रिसेट करून तो वापरता येऊ नये म्हणून ही सोय आली. खाते आधी न काढता बाहेरून रिसेट केला की पूर्वीच्या मालकाची ओळख पटेपर्यंत फोन अडून राहतो. आपल्याला तो कोणाला वापरायला द्यायचा असता, तर ही अडचण ठरली असती. पुनर्चक्रणासाठी द्यायचा असल्याने उलट बरेच आहे. वाटेत कोणी बाजूला काढला तरी त्याच्या उपयोगाचा नाही. फक्त तो फोन अगदी स्वस्तातला होता का, ते पाहा. तसा असेल आणि एन्क्रिप्शनची शंका असेल, तर पेचकस म्हणतात त्याप्रमाणे त्याचेही ‘नख’ काढून घ्या.

आयफोनचे गणित सोपे आहे. तो केबलने संगणकाला जोडून रिकव्हरी स्थितीत न्यावा आणि ‘रिस्टोअर’ करावा. यासाठी पासकोड लागत नाही आणि आतील किल्ली कायमची नष्ट होते. त्यानंतर तोही अॅपल खात्याचा पासवर्ड मागेल. खाते भावाच्याच नावावर राहिले असेल, तर त्यांना आयक्लाउडवरून तो फोन आपल्या यादीतून काढायला सांगा. मग तो कोणालातरी वापरायलाही देता येईल.

पाचवा फोन मात्र या रविवारी देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांत सहज पुसला जाणारा तोच आहे आणि म्हणूनच घाई होते. कोणत्या बँकेत ठेव आहे, कोणत्या पॉलिसीचा हप्ता कधी आहे, याचे संदेश त्यावर असतील. व्यवहार करण्यासाठी नव्हे, पण काय काय होते हे कळण्यासाठी तो लागेल. शिवाय सिम बंद झाल्यावर तोच क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, म्हणून बँका आणि आधार यांच्याशी जोडलेल्या त्या क्रमांकाची कामे आधी मार्गी लावा. गूगल खात्यातील फोटो फोन पुसल्याने जात नाहीत, पण दोन वर्षे कोणीही वापर न केलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकते. आठ महिने झालेच आहेत, तेव्हा जे ठेवायचे ते आत्ताच उतरवून घ्या.


उंबरठा (नाशिक)

रविवारचे काम झाले. सचिवांनी पुनर्चक्रण केंद्राचे नाव दिले, पोर्टलवर ते सापडले. चार फोन दिले, फुगलेली बॅटरी वेगळी दिली, पावती वजनाची मिळाली. २०१३ च्या आणि २०१८ च्या फोनच्या आयसी दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर उतरवून पक्कडीने मोडल्या. त्याने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला.

दुसऱ्या फोनमधून काढलेले मेमरी कार्ड विसरलेच असते. ते पाकिटात ठेवले होते आणि शनिवारी रात्री आठवले. लोकांच्या कागदपत्रांचे बहुतेक फोटो त्या कार्डावरच होते, त्यामुळे तो फोन कितीही वेळा पुसला असता तरी ते माझ्या पाकिटात सुखरूप राहिले असते. आधी आमच्या घरचे अकरा फोटो उतरवून घेतले, मग कार्डाचे कात्रीने चार तुकडे केले. पाचवा फोन चार्ज करून खणात ठेवला आहे. काल त्यावर एका खातेदाराचा फोन आला होता; त्यांना त्यांच्या पॉलिसीचा हप्ता कुठे भरायचा ते हवे होते आणि वडील गेल्याचे त्यांना ठाऊक नव्हते.